पार्लरमधली टिप : कुणाला, किती आणि कशी?

फेशियल झाले, चेहरा उजळला, बिलही चुकते झाले. पण जिने तासभर उभे राहून हे सारे केले, तिच्या हातावर काही ठेवावे की नाही? पार्लरच्या दाराशी येऊन बऱ्याच जणी या प्रश्नाशी अडखळतात.

मागच्या वर्षी आमच्या मुलीचे लग्न झाले. भिलाईच्या नेहरू नगरमध्ये आमचे घर आहे. लग्नाच्या दिवशी पहाटे पाच वाजता पार्लरवाल्या बाई दोन मदतनीस मुलींना घेऊन हजर झाल्या. नवरीचा मेकअप बाईंनी स्वतः केला. उरलेल्या चौदा जणी, म्हणजे नागपूरहून आलेल्या मावश्या, आत्या, माझ्या दोन जावा आणि त्यांच्या सुना, या दोन मुलींच्या वाट्याला आल्या. कुणाला खोपा हवा, कुणाला अंबाडा, कुणाच्या नऊवारीचा काष्टा नीट बसेना, कुणाला गजरा डावीकडेच पाहिजे. मुहूर्त सव्वाअकराचा होता. साडेदहापर्यंत त्या मुलींनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

निघताना मी बाईंना ठरलेले पैसे दिले आणि वर एक वेगळे पाकीट दिले. त्यात दोन हजार रुपये होते. "हे मुलींना द्या हं," असेही म्हटले. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्यांनी आतून काठ विरलेली एक जुनी साडी आणि बुंदीच्या लाडवांचा पुडा आणून मुलींपुढे धरला. मुलींनी एकमेकींकडे पाहिले, लाडू घेतले आणि साडी हळूच दिवाणावर ठेवून दिली. आपण किती मोकळ्या हाताने वागलो, या समाधानात मी पुन्हा मांडवाकडे वळले.

महिन्याभराने आयब्रो करायला त्याच पार्लरमध्ये गेले. दोघींपैकी धाकटी माझ्यावर वाकली होती, दोऱ्याचे टोक तिच्या दातांत होते. मी सहज विचारले, "त्या दिवशीचं पाकीट मिळालं ना गं?" तिचा हात थांबला. दोरा सोडून ती म्हणाली, "कोणतं पाकीट, आंटी?"

पुढे तिने काही विचारले नाही आणि मलाही बोलायला सुचले नाही. दुसरी भुवई तिने पहिल्याइतकीच नेटकी केली.

चार दिवसांनी पार्लरच्या मालकीणबाई एकट्या सापडल्या तेव्हा मी विषय काढला. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "दोघींनीही माझ्याकडून ॲडव्हान्स घेतलाय. ते पैसे त्यात वळते केले. मी काही खिशात घातले नाहीत." दुकानाचे भाडे, मे महिन्यातले एसीचे बिल, मुली शिकवून तयार कराव्यात तर त्या दुसऱ्या पार्लरमध्ये निघून जातात, हेही त्यांनी ऐकवले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही मला ते पटले नाही. ॲडव्हान्स हा त्या दोघींचा आणि मालकीणबाईंचा हिशेब होता. पाकीट मी मुलींना दिले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पण मग वाटले, चूक माझीही आहेच. दोन्ही मुली समोर उभ्या असताना मी पाकीट तिसऱ्याच हातात का दिले?

'पगार मिळतो ना तिला?'

हा किस्सा मी शेजारी सांगितला तेव्हा पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "मुळात टिप द्यायचीच कशाला? कामाचे पैसे दिले, संपलं. मला कुणी चांगल्या ड्युटीबद्दल टिप दिली नाही."

काकांचे हे बोलणे समजण्यासारखे आहे. सोव्हिएत मदतीचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून भिलाईच्या कित्येक घरांचे जगणे महिन्याच्या पगारपत्रकावर उभे राहिले. या घरांना पगार म्हणजे नुसती रक्कम वाटत नाही. त्यात महागाई भत्ता आला, प्रॉव्हिडंट फंड आला, पूजेच्या आधीचा बोनस आला, राहायला क्वार्टर आणि आजारपणात सेक्टर ९ चे हॉस्पिटल आले. ज्यांनी नेहरू नगरात स्वतःची घरे बांधली, त्यांतल्या कित्येकांनी ती याच पगारातून बांधली. अशा माणसाला 'पगार मिळतो ना' असे वाटणारच.

पण पार्लरमधल्या मुलीचा पगार तसा नसतो. सुपेला, खुर्सीपार किंवा दुर्गच्या आसपासच्या गावांतून या मुली येतात. सुरुवातीचे काही महिने 'शिकते आहेस' म्हणून हातावर फारसे काही पडत नाही. पुढे कुठे महिन्याचा ठराविक पगार असतो, तर कुठे केलेल्या कामातला हिस्सा. पुरुषांच्या सलूनमध्ये तर खुर्चीवरच्या कारागिराने अर्धे आणि मालकाने अर्धे, ही पद्धत जुनीच आहे. लग्नसराईत बारा-बारा तास उभे राहायचे आणि खरमास किंवा पितृपक्ष लागला की रिकाम्या खुर्च्या पुसत बसायचे. दिवसभर उभे राहून पोटऱ्या भरून येतात. दोऱ्याने बोटांना चिरा पडतात. ब्लीच आणि केसांच्या रंगाने हातांची कातडी सोलते. निवृत्त काकांच्या बायकोचे केस दर महिन्याला रंगवणाऱ्या मुलीला मोजे मिळतात की नाही, हे काकांना ठाऊक नसते. काकूंना मात्र ठाऊक असते.

याचा अर्थ टिपने पगाराची भरपाई होते असा नाही. मुलीला कमी पगार द्यायचा आणि 'वरची कमाई होतेच' असे म्हणायचे, ही मालकांची सोय झाली. अमेरिकेत नेमके हेच होऊन बसले आहे. तिथे टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी अवघे २.१३ डॉलर दिले तरी संघराज्याच्या कायद्याला चालते. बाकीचे टिपमधून भरून निघावे अशी अपेक्षा असते. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. काही राज्यांनी स्वतःचे दर वाढवले आहेत, ती गोष्ट वेगळी. त्यामुळे तिथे केस कापून घेतल्यावर बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देणे हा शिष्टाचारच झाला आहे. ती न देता उठणे म्हणजे कामगाराची मजुरी बुडवणे असे मानतात. उलट जपानमध्ये टिप दिली तर समोरचा माणूस गोंधळतो आणि पैसे परत करायला तुमच्या मागे येतो. तिथे चांगले काम करणे हे किमतीतच धरलेले असते.

आपण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहोत. आपल्याकडे याला आपली जुनी रीतही आहे.

हक्क वेगळा, खुशाली वेगळी

'टिप' हा शब्द नवा असला तरी मराठीत त्यासाठी शब्दांची कमतरता नाही. बक्षीस आहे, खुशाली आहे, दिवाळीची पोस्त आहे. आणि वाकड्या वाटेने दिली तर चिरीमिरी आहे! गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांत न्हावी होता. वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला खळ्यावर त्याला धान्य मिळे. ते बलुते, म्हणजे त्याचा हक्क. ते कुणी मेहेरबानी म्हणून देत नसे. याखेरीज मुलाचे जावळ काढले, नवरदेवाची हजामत केली की तांदूळ, नारळ, कापड आणि वर नाणे मिळे. ती खुशाली. छत्तीसगडच्या खेड्यांतही पौनी-पसारीची अशीच पद्धत होती. नाऊ, धोबी, लोहार यांना वर्षाचे धान्य ठरलेले आणि मुलाची छठी किंवा लग्न असले की वेगळा मान.

या पद्धतीत जातीचा जाच होता. तो कुणी विसरू नये आणि ती पद्धत परत यावी असे म्हणण्याचे काही कारण नाही. पण एक गोष्ट तिथे स्पष्ट होती. हक्क वेगळा आणि खुशाली वेगळी. एकाच्या बदल्यात दुसरे दिले असे कुणाला म्हणता येत नसे. माझे पाकीट ॲडव्हान्समध्ये वळते झाले तेव्हा हीच रेघ पुसली गेली.

आता जाऊबाईंच्या साडीबद्दल. 'या लोकांना काय, काहीही दिलं तरी चालतं' असे आपण सहज म्हणतो. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. त्या कामाचे पैसे मिळत होते, तरी ते नको म्हणाले. ज्या व्यवसायातल्या माणसांनी हातची कमाई अशी नाकारली, त्या व्यवसायातल्या मुलीला आपण विरलेली साडी देऊ करतो आणि ती हसतमुखाने घेईल अशी अपेक्षा धरतो. साडी द्यायचीच असेल तर दुकानातून आणलेली, कोरी द्या. आपल्या बहिणीला जी देताना लाज वाटेल, ती हिलाही देऊ नये. जाऊबाई हे वाचतील आणि दोन दिवस बोलणार नाहीत, पण इलाज नाही.

मग द्यावी तरी किती?

याला कायदा नाही आणि बिलावर छापलेला दरही नाही. मी ज्या मैत्रिणींना विचारले त्यांची उत्तरे आणि माझा स्वतःचा अंदाज मिळून असे दिसते की, साधारण बिलाच्या पाच ते दहा टक्के रक्कम शोभून दिसते. आयब्रोसारख्या चाळीस-पन्नास रुपयांच्या कामाला टक्केवारीचा हिशेब करत बसू नये. उरलेले सुटे दहा रुपये मुलीकडे राहू द्यावेत. सातशे-आठशेच्या फेशियलला पन्नास रुपये पुरेसे आहेत. केस सरळ करणे किंवा रंगवणे यात तीन-चार तास जातात, तिथे शंभर-दीडशे द्यावेत. नवरीच्या मेकअपचे पॅकेज असेल तर मुख्य ब्यूटिशियनपेक्षा मदतनीस मुलींचा विचार आधी करावा. प्रत्येकीला किमान दोनशे ते पाचशे, ऐपतीप्रमाणे आणि वेगवेगळे.

परदेशातून आलेल्या पाहुण्यांचा हात मात्र जरा आवरावा लागतो. आमची एक भाची डिसेंबरात न्यू जर्सीहून आली होती. तिने बाराशेच्या बिलावर पाचशे रुपये टिप दिली. मुलगी आनंदली, पण पुढल्या आठवड्यात मी वीस रुपये पुढे केले तेव्हा मलाच चोरट्यासारखे झाले! जिथे आपण रोज राहतो तिथल्या चालीने द्यावे.

मोठ्या साखळी पार्लरमध्ये बिलावर कर लागलेला असतो. पुष्कळ जणी समजतात की त्यातच सर्व्हिसचे पैसे आले. तसे नाही. तो जीएसटी आहे, तो सरकारकडे जातो, मुलीच्या हाताला त्यातले काही लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि पार्लरच्या सेवेवरचा हा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तुमचे बिल त्यामुळे खरोखरच हलके झाले असेल तर वाचलेल्या पैशांतून थोडे इकडे वळवायला हरकत नाही. गल्लीतल्या छोट्या पार्लरमध्ये बहुधा हा करच नसतो.

स्वतः मालकीण काम करत असेल तर? अमेरिकेतल्या जुन्या शिष्टाचाराप्रमाणे मालकाला टिप देत नसत, कारण सारी कमाई त्याचीच. आपल्याकडेही हे ठीक वाटते. मालकीणबाईला दहा रुपये देण्यापेक्षा वेळेवर जाणे, अपॉइंटमेंट मोडायची झाली तर आदल्या दिवशी फोन करणे आणि नव्या गिऱ्हाइकाला तिचे नाव सांगणे हे तिला जास्त उपयोगी पडते. दिवाळीला मिठाईचा डबा दिला की झाले.

घरी येऊन काम करणाऱ्या ब्यूटिशियनची गोष्ट वेगळी. ती आपला दर स्वतः सांगते. आपल्याकडच्या बायका काय करतात? साडेसहाशे सांगितले की घासाघीस करून सहाशेवर आणतात आणि जाताना मोठ्या मनाने वीस रुपये वर देतात. म्हणजे पन्नास काढून घेतले आणि वीस परत केले! त्यापेक्षा तिचा दर मान्य करावा आणि टिप दिली नाही तरी चालेल. मे महिन्याच्या दुपारी सामानाची पेटी घेऊन ती स्कूटीवरून आलेली असते. आल्या आल्या थंड पाणी आणि बसायला खुर्ची हे तर टिपच्याही आधीचे आहे.

पुरुषांच्या बाबतीत फारसे सांगण्यासारखे नाही. आमच्या घरी 'सुटे राहू दे' एवढ्यावर भागते. मात्र तासभर डोक्याची मालिश करून घ्यायची आणि दाढीचेच पैसे मोजून निघायचे, हा प्रकार ह्यांनी एकदा केला होता. पुढच्या खेपेला त्यांना बराच वेळ बाकावर बसून राहावे लागले, असे मुलगा सांगत होता.

तिच्याच हातात

किती द्यायचे यापेक्षा कसे द्यायचे, यातच माझे पाऊल चुकले होते. पूर्वी नोट पुढे केली की प्रश्न मिटे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि आता काउंटरवरच्या क्यूआर कोडवर फोन धरला की काम झाले. तो कोड मालकाचा असतो. बिल आठशे आणि तुम्ही उदारपणे साडेआठशे पाठवले, तर पन्नास रुपये मालकाच्या खात्यात जातात. रात्री हिशेब करताना ते मुलीला मिळाले तर तिचे नशीब. म्हणून टिप शक्यतो रोख द्यावी आणि जिने काम केले तिच्याच हातात द्यावी. केस एकीने धुतले आणि दुसरीने कापले असतील तर धुणारीला विसरू नये. ती बहुधा सर्वांत नवी आणि सर्वांत कमी पगाराची असते.

काही पार्लरमध्ये टिपसाठी एक सामाईक डबा असतो. संध्याकाळी सगळ्यांत सारखे वाटप होते. तिथे डब्यातच टाकावे. एकीलाच लपवून दिले तर त्या मुलींमध्ये तंटा लागतो. कोणती पद्धत आहे हे पहिल्याच खेपेला सरळ विचारून घ्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही आणि आपण विचारतो हे मालकीणबाईच्याही ध्यानात राहते.

एक छोटी गोष्ट आणखी. नखांना पॉलिश लावून घ्यायचे असेल तर पैसे आधीच काढून ठेवा. ओल्या नखांनी पर्स उघडता येत नाही आणि 'तूच घे गं आतून' असे सांगून मुलीला संकटात टाकणे बरे नव्हे.

टिप द्यावीच असेही नाही. वॅक्स जास्त गरम होऊन कातडी भाजली, न विचारता केस चार बोटे जास्त कापले, वापरलेलाच टॉवेल पुन्हा गळ्याला गुंडाळला, तर टिप देऊ नका. पण गप्प राहून नुसती टिप कापणे हा भित्रेपणा झाला. काय चुकले ते तिथेच, आवाज न चढवता सांगा. आणि महिनाअखेरीला खरोखरच हात आखडता असेल तर अवघडून जाण्याचे कारण नाही. कॉलेजातल्या मुलीने किंवा निवृत्तिवेतनावर भागवणाऱ्या आजींनी टिप दिली नाही म्हणून कुणी त्यांच्या भुवया वाकड्या करत नाही. मुलीला नावाने हाक मारावी, काम आवडले तर तसे मालकीणबाईंसमोर बोलून दाखवावे. 'ए छोकरी' म्हणून दहाची नोट फेकणाऱ्या बाईपेक्षा या आजींची खुर्ची आधी पुसली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या दिवाळीला

छत्तीसगडात दिवाळीत राऊत मंडळी नटूनथटून दोहे म्हणत, नाचत दारोदार येतात आणि घरोघरी त्यांना धान्य, पैसे देतात. आमच्या कॉलनीतही दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या बाया यांची पोस्त ठरलेली असते. त्या यादीत पार्लरच्या मुली कधीच नव्हत्या. बारा महिने चेहरा ज्यांच्या हातात द्यायचा, त्यांची नेमकी आठवण राहत नाही!

यंदा मी दोन पाकिटे केली. दोघींची नावे वर लिहिली. आधी मालकीणबाईंना फोन करून सांगितले की, लग्नाच्या वेळची राहिलेली खुशाली मुलींना द्यायला येते आहे, त्यांच्याच हातात देणार आहे. क्षणभर पलीकडून आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "या ना. दुपारी गर्दी नसते."

थोरलीने पाकीट कपाळाला लावले. धाकटीने ते न उघडताच आपल्या पर्समध्ये टाकले, चेन लावली, पर्स खुंटीला अडकवली. मग दोऱ्याचे रीळ हातात घेऊन विचारले, "आंटी, आज अप्पर लिप्सही करायचेत का?"